ताक, पेज आणि ती छोटी बाटली



चवथ जवळ आली की पाळीतली बंद घरं उघडतात. पुणे, बंगळूर, दुबई, कुठून कुठून तुम्ही मुलाबाळांना घेऊन येता, आणि त्याच्या महिनाभर आधी माझ्या फोनवर प्रश्न सुरू होतात. (पाळी म्हणजे डिचोली तालुक्यातलं आमचं गाव. नावावरून विनोद करून झाले असतील तर पुढे जाऊ.) यंदा सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "काकी, गावी आलं की पाणी बदलतं, मुलाचं पोट बिघडतं. येण्याआधी पंधरा दिवस त्याला रोज ती प्रोबायोटिकची छोटी बाटली देऊ का? इम्युनिटी वाढते म्हणतात." त्याच मुलाच्या आजीचा फोन दुसऱ्या दिवशी: "घरात एवढं ताक होतं, तर बाटली कशाला विकत आणायची?"

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि आता रोज विरजण लावण्यात जातात. त्यामुळे दोन्ही पक्षांचं ऐकून घेते. उत्तर मात्र दोघांनाही थोडं थोडं नाराज करणारं आहे.

आधी ताकाकडे बघू. कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की त्यातले लॅक्टिक आम्लाचे जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खायला लागतात आणि आम्ल तयार करतात. दूध आंबतं, घट्ट होतं. दही घुसळून, लोणी काढून, पाणी घातलं की ताक. त्यात जिवंत जिवाणू असतात, भरपूर असतात, हे खरं. पण "आंबवलेलं" आणि "प्रोबायोटिक" हे एकच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ साली प्रोबायोटिकची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात "पुरेशा प्रमाणात" आणि "फायदा" हे दोन शब्द जड आहेत. कुठला जिवाणू, त्याचा नेमका कुठला वाण, किती कोटी, आणि माणसांवर तपासलेला कुठला फायदा, हे सगळं सांगता आलं पाहिजे. आपल्याकडेही आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक नियम केले, त्यात वाणाची ओळख मागितली आहे. माझ्या विरजणात नेमकं कोण राहतं ते मला ठाऊक नाही. शेजारच्या घरातलं विरजण वेगळं, पावसातलं वेगळं, मे महिन्यातलं वेगळं. दही उत्तम लागतं, एवढी खात्री देते.

म्हणून ताक कमी दर्जाचं, असं नाही. ते अन्न आहे आणि चांगलं अन्न आहे. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही-ताक पचतं, याचं कारण हे जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकचे बहुतेक दावे फेटाळले, पण दह्यातल्या जिवंत जिवाणूंचा हा एक दावा २०१० मध्ये मान्य केला. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस लहान मुलांना दूध सोसत नाही, तेव्हा आमच्याकडे दूध बंद करून दहीभात देतात, त्यालाही हाच आधार आहे.

आपल्या बाकीच्या पेयांबद्दलही तुम्ही विचारता, ते एकदाच सांगून टाकते. नाचणीची आंबील रात्रभर आंबवून सकाळी शिजवतात. शिजवताना जिवाणू मरतात, पण आंबवण्याने नाचणीतलं लोह शरीराला जास्त मिळतं. निवल्यावर वरून ताक घातलं की जिवंत जिवाणूही परत येतात. कढी उकळली की ताकातले जिवाणू गेले, चव राहिली. सोलकढी आंबट असते पण आंबवलेली नसते, ती कोकमाची आंबटी. काजूच्या हंगामातला निरो ताजा असताना फळाचा रस, आणि दोन-चार तास उन्हात राहिला की यीस्ट कामाला लागतं. त्याने पोट "साफ" होतं असं म्हणणाऱ्यांनी आदल्या दिवशी किती प्यायला होता ते आधी सांगावं. आणि हुर्राक आंबवलेल्या रसापासून बनते म्हणून पोटाला चांगली, असं एका भाच्याने मला गंभीर चेहऱ्याने पटवायचा प्रयत्न केला होता. ती भट्टीतून गाळून येते. त्यात एकही जिवाणू जिवंत नसतो, बाबा.

आता बाटलीकडे. तिच्या बाजूने बोलायला खरोखर एक चांगला अभ्यास आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने शहरातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना घेतलं. निम्म्यांना रोज शिरोटा वाणाचं आंबवलेलं दुधाचं पेय दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पोषक पेय. बारा आठवडे दिलं, पुढे आणखी बारा आठवडे लक्ष ठेवलं. निकाल २०११ मध्ये छापून आला. साध्या पेयाच्या गटात ६७४ मुलांना जुलाब झाले, प्रोबायोटिकच्या गटात ६०८ मुलांना. जुलाब साधारण १४ टक्क्यांनी कमी.

हा आकडा नीट बघा. दर शंभर मुलांमागे छत्तीसच्या जागी बत्तीस मुलं आजारी पडली. चार मुलं वाचली, बत्तीस आजारी पडलीच. ज्या वस्तीत पाणी आणि संडास दोन्हीची वानवा, तिथे चार मुलं वाचणं मोठी गोष्ट आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण पंधरा दिवस बाटली दिली की गावच्या पाण्याची भीती गेली, असं म्हणायला हा अभ्यास आधार देत नाही. तो बारा आठवडे रोज पिण्याचा होता, एका ठरावीक वाणाचा होता. आणि त्या बाटलीत साखरही असते, लेबलवर लिहिलेली असते, तीही वाचा.

हे काम होतं कसं? आतड्याच्या आतल्या अस्तराला लागूनच शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींची मोठी फौज बसलेली असते. आपले कायमचे रहिवासी जिवाणू अब्जावधी असतात. ते जागा अडवतात, अन्न खातात, आम्ल सोडतात, त्यामुळे नव्याने आलेल्या रोगजंतूला बसायला जागा मिळत नाही. बाहेरून प्यायलेले जिवाणू या गर्दीत बहुधा पाहुणे म्हणूनच येतात. जाता जाता अस्तरालगतच्या पेशींना थोडं जागं करतात, थोडं आम्ल सोडतात, आणि काही दिवसांत निघून जातात. पिणं थांबलं की तेही थांबतात. "इम्युनिटी वाढते" हे वाक्य म्हणूनच मला आवडत नाही. रोगप्रतिकारशक्ती ही काही टाकीतली पातळी नाही, वर चढवायला. सर्दी-पडशाच्या बाबतीत काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे, पण तो पुरावा कच्चा आहे. रोटाव्हायरसची लस मात्र त्या एका विषाणूविरुद्ध शरीराला नेमकं शिकवते. ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि फुकट मिळते. बाटलीचा खर्च करण्याआधी बाळाच्या लसीकरण कार्डावर ती घेतल्याची नोंद आहे ना, ते बघा.

खरा प्रश्न पुढचा आहे. जुलाब सुरू झाल्यावर काय?

गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पुतणीच्या दोन वर्षांच्या मुलाला सकाळपासून सहा-सात वेळा पाण्यासारखे जुलाब झाले. घरात तीस माणसं, माटोळीखाली भजनाची तयारी, स्वयंपाकघरात नेवऱ्यांचा घाणा. जो तो येऊन सल्ला देत होता. एकाने मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या आणल्या. एकीने फ्रूट ज्यूसचा पुडा फोडला, "ताकद येईल" म्हणून. पुतणी बाळाला दर तासाला कुपी देत होती आणि बाकी काही पोटात टिकत नाही म्हणून पाणी बंद केलं होतं. माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, आतून पेजेची वाटी घेऊन आल्या. उकड्या तांदळाची पातळ पेज, मीठ घातलेली, कोमट. "चमच्यान दी. घाई करू नको," एवढंच म्हणाल्या.

त्या बरोबर होत्या, आणि का बरोबर होत्या हे जाणून घेण्यासारखं आहे.

जुलाबात मूल दगावतं ते जंतूपेक्षा पाणी आणि क्षार कमी झाल्याने. आतडं आजारी असलं तरी त्यात एक दरवाजा उघडा राहतो: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आले तर ते आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. नुसतं पाणी तितकं शोषलं जात नाही. फार गोड पेय तर उलट आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढवतं. ज्यूसचा पुडा, कोला, ग्लुकोजचं गोड सरबत, सगळं यात आलं. साखर आणि मीठ यांचं योग्य प्रमाण म्हणजे ओआरएस, आणि त्याची ताकद जगाला एका बंगाली डॉक्टरने दाखवली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला लावलं. जिथे शंभरातले तीस मरत होते तिथे मृत्यू चारच्या खाली आले. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पेज म्हणजे त्याच तत्त्वाचं घरगुती रूप. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो, म्हणून एकदम गोडी होत नाही. मीठ सोडियम देतं. तांदळाच्या ओआरएसवर पुढे कॉलऱ्याच्या रुग्णांमध्ये अभ्यास झाले आणि त्याने जुलाबाचं प्रमाण कमी होतं असं दिसलं. आणि आता आजीबाईंच्या ताकाकडे परत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबाच्या घरगुती उपचारांत मीठ घातलेलं तांदळाचं पाणी आणि मीठ घातलेलं दह्याचं पेय, दोन्ही बसतात. म्हणजे जुलाबात पातळ खारं ताक द्यायला हरकत नाही. पण तिथे ते उपयोगी पडतं ते पाणी आणि मिठासाठी, जिवाणूंसाठी नव्हे.

जिवाणूंचं काय झालं, तेही तपासून झालं आहे. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडा इथे जुलाब-उलट्या घेऊन दवाखान्यात आलेल्या मुलांवर दोन मोठे अभ्यास झाले, मिळून अठराशेहून अधिक मुलं. निम्म्यांना प्रोबायोटिक, निम्म्यांना दिसायला तसंच पण रिकामं औषध. आजार कमी झाला नाही, लवकरही संपला नाही. २०२० मध्ये जगभरच्या ८२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. दोन दिवसांहून जास्त चालणारे जुलाब प्रोबायोटिकने थांबतात असं त्यातही दिसलं नाही. कुपी दिली म्हणून अपाय होईल असं नाही. अपाय होतो तो कुपीवर विसंबून पाणी थांबवल्याने.

त्या दिवशी आम्ही ओआरएसचं पाकीट आणवलं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालायचं. मोठं पाकीट एक लिटरला असतं, छोटं एका पेल्याला. उकळून गार केलेलं पाणी, आणि बनवलेलं चोवीस तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोजून, अंदाजाने नाही. मीठ जास्त झालं तर घातक. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. सोबत डॉक्टरांना विचारून जस्ताच्या गोळ्या: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. जस्ताने आजार आटपतो, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा धोका कमी होतो. इम्युनिटीची हौसच असेल तर ही स्वस्त गोळी आधी आठवावी. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मुळीच बंद करायचं नाही. संध्याकाळपर्यंत पोराला लघवी झाली, आणि मग भजनाला रंग चढला.

शीत रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त किंवा काहीच पीत नाही, ताप उतरत नाही, असं काही दिसलं तर घरगुती काहीही करत बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर गाडी काढा आणि डिचोलीला न्या.

ओआरएस विकत घेताना एक काळजी. दुकानात रंगीत पुड्यांत "ओआरएस" नावाची गोड पेयं बरीच वर्षं मिळत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट उलटून सूत्र वाचायची सवय ठेवा.

प्रोबायोटिकला एका ठिकाणी मात्र मी मनापासून मार्क देते. अँटिबायोटिक घेताना जे जुलाब होतात, ते टाळायला. मुलांवरच्या ३३ अभ्यासांच्या २०१९ च्या आढाव्यात अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक घेणाऱ्या शंभरांतल्या आठांना जुलाब झाले, न घेणाऱ्या एकोणीसांना. निम्म्याहून कमी. तिथे वाण महत्त्वाचा, बॅक्टेरियाचा एक आणि यीस्टचा एक असे दोन जास्त तपासलेले आहेत, आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. ते यीस्ट, सॅकरोमायसिस बूलार्डी, १९२० च्या दशकात आंरी बूलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडलं. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक त्या सालींचा काढा पीत होते, ते बघून तो त्यामागे लागला, असं सांगतात. लोकांच्या काढ्यातून असं क्वचित काही निघतं, म्हणून ऐकून घ्यावं आणि मग तपासावं.

आणखी एक भारतीय अभ्यास तुमच्या फोनवर फिरत असतो, ओडिशातला, २०१७ चा. साडेचार हजारांवर नवजात बाळांना एका प्रोबायोटिकची आणि त्याच्या खाद्याची मात्रा सात दिवस दिली, आणि रक्तातला जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. अभ्यास खरा आणि मोठा आहे. पण ती मात्रा आरोग्यसेवकांच्या देखरेखीत दिलेली होती आणि बाळं पुरेशा दिवसांची, पुरेशा वजनाची होती. त्यावरून कुणी घरात नवजात बाळाच्या तोंडात ताकाचं बोट लावू नये. महिने पूर्ण न भरलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला आहे. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांनी, शिरेत कायमची नळी असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता पाण्याबद्दल, कारण "पाणी बदलतं" हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमचा खाणपट्ट्यातला गाव, पहिल्या पावसात ओहोळ लाल होतात. चवथीच्या दिवसांत विहिरी तोंडापर्यंत भरलेल्या असतात आणि आजूबाजूचं सगळं त्यात झिरपतं. दही तुम्ही उकळलेल्या दुधाचं करता, ते ठीक. पण ताक करताना विहिरीचं कच्चं पाणी आणि बाजारातला बर्फ घालता, तिथे सगळं वाया जातं. "ताक आंबट असतं, त्यात जंतू मरतात" हे मी पन्नास वेळा ऐकलंय. काही मरतात. पण काविळीचा हेपॅटायटिस ए आम्लाला दाद देत नाही, आणि काही रोगकारक जिवाणूही तग धरतात. म्हणून ताकाचं पाणी उकळलेलं हवं. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. भांडं, रवी, हात धुतलेले हवेत. सगळ्यांनी एकाच पेल्यातून ताक पिणं हे प्रेमाचं असेल, पण जेवणाच्या पंगतीला साबणाची वडी मोरीजवळ ठेवली तर ते जास्त प्रेमाचं.

तर बाटली द्यायची की नाही? मुलाला आवडत असेल, परवडत असेल, तर द्या, रोज द्या, औषध म्हणून देऊ नका. नाहीतर जेवणात वाटीभर ताजं दही, दुपारी पेलाभर ताक, आणि पानात भाज्या, कडधान्यं; आतल्या कायमच्या रहिवाशांना खायला लागतं ते तंतुमय अन्न तिथून मिळतं. पिशवीत मात्र बाटलीच्या आधी ओआरएसची चार पाकिटं आणि जस्ताच्या गोळ्या टाका.

बंगळूरच्या पुतण्याने विचारलंय की इथलं विरजण तिकडे नेलं तर टिकेल का. नेतात. घट्ट दही छोट्या स्टीलच्या डब्यात, वरून ओलं फडकं, बसमध्ये पायाशी नको, वर थंड जागी. पोचल्या रात्रीच लावायचं. तिकडच्या थंडीत आठ तासांऐवजी बारा लागतील, भांडं चादरीत गुंडाळून ठेव. आठ-पंधरा दिवसांत त्यात तिकडचे जिवाणू शिरतील आणि चव बदलेल. मग आईला फोन करून तक्रार करू नकोस.